पांढरे पडलेले क्रिस्टल

किरणबाईंनी तिसरी पिन यंत्रावर चढवली, पडद्याकडे पाहिलं आणि हातातला चहा न पिताच बाजूला ठेवून दिला.

"धाकटे, इकडे ये," त्या म्हणाल्या. "आणि खुर्ची घेऊन ये. उभ्याने बघू नकोस."

धाकटी खुर्ची न घेताच आली. पडद्यावर ठिपके दिसायला हवे होते. क्रिस्टलवर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात आणि त्या ठिपक्यांवरून आतल्या प्रोटीनचा आकार काढता येतो. इथे ठिपका औषधालाही नव्हता. होती ती नुसती जाड, धुरकट वर्तुळं.

"बर्फ," धाकटी म्हणाली.

"तिन्हींवर बर्फ. थेंब बघ, दुधासारखे पांढरे झालेत."

मग चौथी पिन, पाचवी, सहावी. पिनी ठेवायची अख्खी चकती संपली तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती आणि किरणबाईंनी फोन उचलला होता. संचालकांना नंतर कळवता येईल, असं त्यांनी ठरवलं. फोन फौजदारांना लावला.

फौजदार म्हणजे संस्थेचे सुरक्षाप्रमुख. पोलिसातून निवृत्त होऊन इथे आले, पण नाव तेच चिकटलं. विज्ञानाशी त्यांचा संबंध शाळेतल्या प्रयोगवहीला कव्हर घालण्यापुरता. मात्र आपल्याला कळत नाही हे कबूल करायला त्यांना लाज वाटत नसे. एवढ्या विद्वानांच्या इमारतीत हा गुण त्यांच्या एकट्याकडेच होता.

"मला लहान मुलाला सांगतात तसं सांगा," त्यांनी आल्या आल्या फर्मावलं.

"एचआयव्हीच्या विषाणूच्या अंगावर एक प्रोटीन असतं," किरणबाई म्हणाल्या. "त्याच्याच जोरावर तो आपल्या पेशीत घुसतो. एक पेशंट बाई अशा निघाल्या की त्यांच्या रक्तातली अँटिबॉडी ह्या प्रोटीनला घट्ट पकडून ठेवते. विषाणूची डाळच शिजत नाही. ती नेमकी कुठे पकडते, हे धाकटीला बघायचं होतं. म्हणून तिने दोघांचे एकत्र क्रिस्टल वाढवले. वर्ष गेलं त्यात."

"आणि ते बिघडले."

"बिघडवले." किरणबाईंचा आवाज चढला. "हा बारीक फासा बघा पिनच्या टोकाला. त्यात थेंब, थेंबात क्रिस्टल. द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात बुडवला की पाण्याला बर्फ व्हायला वेळच मिळत नाही. थेंब काचेसारखा राहतो. गेल्या आठवड्यात ह्यातलीच एक पिन मी यंत्रावर लावून बघितली होती. काच होती, काच! आता बघा."

"म्हणजे मधे कोणीतरी बाहेर काढले."

"काढले, वितळू दिले आणि परत गोठवले. क्रिस्टल एकदा वितळला की मेला. परत थंड करून तो उठून बसत नाही."

"मग परत गोठवायचा उपद्व्याप कशाला केला?"

किरणबाईंनी खांदे उडवले. फौजदारांनी तो प्रश्न मनात बाजूला काढून ठेवला.

नायट्रोजनची खोली तळमजल्यावर होती. कुलूप होतं, पण किल्ली दाराशेजारच्याच खिळ्याला लटकत होती आणि ते सगळ्या जगाला ठाऊक होतं. फौजदारांनी किल्लीकडे पाहून सुस्कारा सोडला. आत गुडघ्याएवढा एक कॅन होता. झाकण उघडताच पांढरी वाफ काठावरून खाली ओघळली. आत दांडीला चकत्या टांगायची सोय होती.

धाकटी आता रडत नव्हती. डोळे मात्र सुजले होते.

"ताई, ह्या चकत्यांवर लिहिलंय काय? सासर, माहेर, शेजार?" फौजदारांनी विचारलं.

"आमची आपली गंमत हो. प्रोटीन एकटं असलं की ते माहेरी. अँटिबॉडीने धरलेलं असलं की सासरी. आणि फुटकळ, वाया गेलेले क्रिस्टल ते शेजारी."

"म्हणजे तुमचे चांगले क्रिस्टल 'सासर'मध्ये."

"होते. शुक्रवारी संध्याकाळी त्या चकतीचं झाकण सैल झालेलं दिसलं. एक जागा रिकामीही होती, पिन बहुतेक आधीच पडली असेल. मग मी सगळे 'शेजार'मध्ये हलवले आणि तिथला कचरा 'सासर'मध्ये टाकला. चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. आज सकाळी मीच तर घेऊन जाणार होते."

"आणि यंत्रावर आज लावली ती..."

"'शेजार'."

"उरलेल्या दोन कशा आहेत?"

किरणबाईंनी दोन्ही तपासल्या. फुटकळ कचरा काचेसारखा स्वच्छ होता. माहेरचे क्रिस्टलही ठणठणीत. किरणबाई फौजदारांकडे बघत राहिल्या. फौजदार धाकटीकडे.

"ताई, नीट विचार करून सांगा. क्रिस्टल हलवल्याचं कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

"नक्की?"

"इथे होतंच कोण? सगळे निघून गेले होते. कुलूप लावलं आणि दादाकडे जेवायला गेले. शनिवार-रविवार घरीच झोपून होते."

तेवढ्यात दादाच दारात आले. ह्यांना सगळी संस्था दादा म्हणायची, शिपायापासून संचालकांपर्यंत. हक्काने म्हणू शकत होती ती मात्र एकटी धाकटी. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादांनी तिच्या वेण्या घालायला शिकून घेतलं, तिची फी भरली, तिला ह्या क्षेत्रात आणलं. आता ते वरच्या मजल्यावर लस विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या लशीची मोठी चाचणी उंबरठ्यावर आली होती.

धाकटीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आवरलेलं रडू परत फुटलं.

"उगी," दादा म्हणाले. "अगं, क्रिस्टलच ते. पुढच्या वर्षी परत वाढवू. मी आहे ना?"

"पण गुरुवारी बैठक आहे, दादा."

"असू दे. बैठका काय, होतच असतात."

किरणबाईंनी तोंड फिरवलं. दोघांना जरा एकटं सोडावं म्हणून त्या पिनी आवरत बसल्या.

दुपारी फौजदारांनी धांदल्याला बोलावलं. हा धाकटीच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. हुशार होता, पण चहा सांडल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. उजव्या हाताच्या बोटाला त्याने पट्टी बांधली होती.

"बोटाला काय झालं?"

"दारात सापडलं."

"सोडा पट्टी."

"कशाला? औषध लावलंय."

"सोडा म्हणतो ना."

पट्टीखाली टम्म फोड होता. फौजदार खुर्चीत मागे रेलले.

"दारात सापडलेलं बोट काळंनिळं पडतं, साहेब. माझी अर्धी नोकरी मारामाऱ्या बघण्यात गेली. हा भाजल्यासारखा फोड आहे. नायट्रोजनचा. कधीचा?"

धांदल्याची पाचावर धारण बसली. "मी तिचे क्रिस्टल बिघडवले नाहीत!"

"मी असं म्हटलं का?"

"शुक्रवारी दुपारचा," तो पुटपुटला. "मी... मी एक पिन घेतली. 'सासर'मधून. फक्त एक."

"चोरली."

"चोरली. सारखं ऐकत होतो, धाकटीचे क्रिस्टल असे नि धाकटीचे क्रिस्टल तसे. माझे एवढ्या वर्षांत खडीसाखरेच्या लायकीचेही आले नाहीत. मला बघायचं होतं, खरंच इतके चांगले आहेत, की दादांची बहीण म्हणून सगळे आरती ओवाळतायत."

"ती पिन कुठेय?"

"माझ्या कॅनमध्ये."

फौजदार उभेच राहिले. "समजा, तुम्हाला उरलेले क्रिस्टल बिघडवायचे असते. कसे बिघडवले असते?"

"मी नाही हो..."

"समजा म्हटलं."

"बाहेर काढायचे, दोन मिनिटं ठेवायचे, परत नायट्रोजनमध्ये झटक्यात बुडवायचे. थेंबात गोठणविरोधी द्रव असतो. थेंब दिसायला परत काचच दिसेल. आत क्रिस्टल मेलेला. बघणारा म्हणेल, क्रिस्टलच वाईट होते."

"पांढरे पडले नसते?"

"छे. झटक्यात बुडवल्यावर कशाला पडतील?"

फौजदारांनी त्याला पिनीसकट किरणबाईंकडे नेलं आणि दोघांना बजावलं, की ह्या पिनीबद्दल चकार शब्द बाहेर जाता कामा नये. धाकटीलासुद्धा नाही. किरणबाईंनी धांदल्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा कानफटात परवडली असती. मग त्यांनी पिन यंत्रावर लावली. थेंब काचेसारखा होता.

दुसऱ्या दिवशी फौजदार लस विभागात गेले तेव्हा दादा कामात होते. अंगात पांढरा कोट, हातात जाड मोजे. लहान लहान बाटल्यांची एक पेटी त्यांनी कॅनच्या तोंडाशी, नुसत्या वाफेत टांगून धरली होती.

"बसा, फौजदार. हे अर्धवट सोडता येत नाही."

"इतकं सावकाश?"

"जिवंत पेशी आहेत. लस बनवायला ह्याच लागतात. घाई केली की पेशीच्या आत बर्फाच्या सुया होतात आणि ती फुटते. आधी वाफेत, मग हळूहळू खाली. शिकलो तेव्हापासून हात असाच चालतो. इथे दुसऱ्या कोणाला मी हे करू देत नाही, मला चैनच पडत नाही."

फौजदार बघत राहिले. हात खरोखर सुंदर चालत होता.

"तुमच्या लशीचं आणि ताईंच्या कामाचं काय नातं, ते जरा सांगता?"

"सांगतो की." पेटी खाली गेली. दादांनी मोजे काढले आणि दोन मुठी एकमेकींना चिकटवून धरल्या. "विषाणूवर हे प्रोटीन असं असतं. तीन भाग, एकमेकांना बिलगलेले. तिसरी मूठ तुमची समजा. वरून साखरेचं पांघरूण, म्हणून अँटिबॉडीला सहसा हात घालायला जागा मिळत नाही. आमच्या लशीत ह्यातला एकच भाग आहे. सुटा. तो ओळखायला शिकलं, की शरीर विषाणूला ओळखेल, असा आमचा हिशोब."

"आणि ताई काय म्हणतात?"

"तिच्याकडे एक धूसर चित्र आहे. त्यावरून तिला वाटतं, त्या पेशंट बाईंची अँटिबॉडी दोन भागांच्या मधल्या सांध्यात बोट घालते." त्यांनी दोन मुठींमधली फट दाखवली.

"सुट्या भागाला सांधा कुठला?"

"तेच ना."

"म्हणजे लस शरीराला चुकीचा चेहरा दाखवते?"

"धूसर चित्रावरून असं काही सिद्ध होत नाही, फौजदार."

"चित्र स्पष्ट आलं असतं तर?"

"गुरुवारच्या बैठकीत चाचणी थांबली असती," दादा शांतपणे म्हणाले. "हजारो लोक आज दंड पुढे करून तयार आहेत. ते घरी गेले असते."

"ताईंनी तुम्हाला हे कधी सांगितलं?"

"ती मला सगळंच सांगते. लहानपणापासून."

बुधवारी सकाळी फौजदारांनी चौघांना किरणबाईंच्या खोलीत बोलावलं. धाकटी दादांच्या शेजारी बसली. धांदल्या दाराजवळ उभा होता, पळायला सोपं म्हणून असेल. यंत्राचा पडदा बंद होता.

"मला तुमचं शास्त्र कळत नाही," फौजदार म्हणाले. "माणसं थोडी कळतात. तेव्हा मी माणसाच्या बाजूने विचार केला. क्रिस्टल बिघडवायचे तर जमिनीवर आपटले असते, काम झालं असतं. ह्याने ते वितळवले आणि परत गोठवून जागच्या जागी ठेवले. का? गुन्हा झालाय हेच कोणाला कळू नये म्हणून. ताईंनी पिनी लावल्या असत्या, ठिपके आले नसते, आणि त्यांना वाटलं असतं, आपलेच क्रिस्टल वाईट निघाले."

धाकटीने मान हलवली. तिला तसंच वाटलं असतं. नंतर कितीतरी वर्षं वाटत राहिलं असतं.

"पण एक चूक झाली. थेंब पांढरे पडले. धांदलेसाहेब सांगतात, झटक्यात बुडवले असते तर पडले नसते. क्रिस्टलवाल्याचा हात झटक्यातच चालतो, मनात पाप असलं तरी. इथला हात सावकाश चालला. आधी वाफेत, मग हळूहळू खाली. म्हणजे हे क्रिस्टलवाल्याचं काम नव्हे. ज्याने जन्मभर जिवंत पेशी गोठवल्या, त्याचं."



"लस विभागात पेशी हाताळणारे बरेच आहेत," दादा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

"आहेत. पण गोठवायचं काम तुम्ही कोणाला करू देत नाही, असं तुम्हीच म्हणालात. तरी ते सोडून देऊ. दुसरी गोष्ट बघू. बाहेरून कोणी आला असता तर त्याने 'सासर' वितळवली असती. धांदलेसाहेबांनीही 'सासर'मध्येच हात घातला होता. ह्या माणसाने 'सासर'ला बोटसुद्धा लावलं नाही, नेमकी 'शेजार' उचलली. अदलाबदल माहीत असल्याशिवाय हे होत नाही. ताई, तुम्ही म्हणालात, कोणालाच सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"शुक्रवारी जेवताना दादांशी काय बोललात?"

"नेहमीचंच. झाकण सैल झालं म्हणून मी क्रिस्टल..." धाकटी थांबली. तिने हळूच मान वळवली. "पण दादाला सांगणं म्हणजे... ते सांगण्यात कुठे येतं?"

फौजदारांनी अनेक घरं मोडताना बघितली होती आणि दर वेळी त्यांना ह्याच क्षणाचा राग यायचा.

"दादा?" ती म्हणाली. "सांग ना त्यांना. काहीतरी सांग."

दादा आपल्या हातांकडे बघत होते.

"अख्खं आयुष्य घातलंय मी त्या लशीत," ते म्हणाले. "ह्याच नोकरीवर तू शिकलीस. आणि एका धूसर चित्रावरून..."

"धूसर होतं म्हणूनच तर स्पष्ट काढायचं होतं! तू बरोबर असतास तर तेही दिसलं असतं!"

"आणि नसतो तर?"

"तर निदान ती माणसं वाचली असती, दादा! लस टोचून घेतली म्हणून निर्धास्त झाली असती ती. दहा वेळा बजावलं तरी माणूस मनात समजतोच, की आता आपल्याला काही होत नाही."

"सगळ्या लशी पहिल्या फटक्यात यशस्वी होत नाहीत. चाचणीतूनच कळलं असतं."

"त्यांच्या अंगावर!"

किरणबाईंना ऐकवेना. त्यांनी पडदा सुरू केला.

"बघा," त्या म्हणाल्या. "एक पिन वाचली होती. चोराच्या कृपेने." धांदल्याने मान खाली घातली. "काल दिवसभर बसून काढलंय."

पडद्यावर तीन भाग एकमेकांना बिलगून होते, वर साखरेच्या फांद्यांचं रान. त्या रानातून अँटिबॉडीचं एक लांब बोट दोन भागांच्या सांध्यात थेट आत गेलं होतं. धूसर काहीच नव्हतं. धाकटी वर्षभर ह्या चित्राची वाट बघत होती. आता ते समोर होतं आणि तिला आनंद करावासाही वाटत नव्हता. ज्याला पहिल्यांदा दाखवायला धावली असती, तो शेजारीच बसला होता.

दादांनी चित्र बघितलं. जाणकार माणूस. एका नजरेत त्यांना सगळं कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सोमवारी तू मला जवळ घेतलंस," धाकटी म्हणाली. "मी तुझ्या खांद्यावर रडत होते. काय वाटत होतं तुला तेव्हा?"

"वाईट वाटत होतं. खरंच. मी ठरवलं होतं, तुला सावरायचं. पुढच्या वर्षी क्रिस्टल वाढवायला पैसे मीच मिळवून दिले असते."

"मी स्वतःला दोष देत बसले असते आणि तू मला सावरलं असतंस."

धाकटी वळून त्यांच्यासमोर बसली.

"एकच सांग. मी जेवताना बोलले, आणि मग तुझ्या डोक्यात हे आलं. असंच ना? आधी काही नव्हतं."

ती उत्तराची भीक मागत होती. फौजदारांनाही वाटलं, हो म्हण बाबा. एवढं एक खोटं बोल.

"नाही," दादा म्हणाले. "क्रिस्टल कुठे ठेवलेत ते काढून घ्यायलाच जेवायला बोलावलं होतं."

किरणबाईंनी पदराने डोळे टिपले. धाकटीने मात्र डोळ्यांना हात लावला नाही. ती उठली, पडद्यावरचं चित्र तिने स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि धांदल्याला म्हणाली, "उद्याच्या बैठकीत तू माझ्याबरोबर बसायचंस. ही पिन कुठून आली, ते तुझ्या तोंडाने सांगायचंस."

"सांगतो," धांदल्या म्हणाला.

"फौजदार, संचालकांकडे आत्ताच जाऊ या का?"

"तुम्ही नसलात तरी चालेल, ताई. मी सांगतो."

"नको. मी येते."

दादाही उठले. सवयीने त्यांचा हात तिच्या डोक्याकडे गेला. ती एक पाऊल बाजूला झाली आणि तिने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, वरिष्ठांसाठी धरतात तसं.

"चला सर," ती म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा."